पॅकेजची विभागणी आणि वारशाचा प्रश्न : लिनक्स वितरणांतील श्रेणीवाढ

१. प्रश्नाचे स्वरूप

जबलपूरच्या एका वस्तीचे नाव हिंदी पाटीवर ‘सिविल लाइंस’ असे लिहिले जाते. तेच नाव मराठी पत्रात ‘सिव्हिल लाइन्स’ होते. लेखनातला हा फरक डोळ्यांना सहज दिसतो. दुसरा फरक त्याहून सूक्ष्म आहे. या नावात ‘ल’ दोनदा येतो आणि हिंदी मुद्रणाच्या रूढीप्रमाणे तो उभ्या दंडाने संपतो, तर मराठी वळणाचा ‘ल’ पाकळीयुक्त असतो. ‘श’ची स्थितीही अशीच, मराठीत देठयुक्त ‘श’ प्रमाण मानला जातो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला अद्ययावत करताना अक्षरांच्या या वळणांचीही दखल घेतली होती. युनिकोड संकेतप्रणालीत मात्र ‘ल’ला एकच क्रमांक आहे. हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या जबलपूरच्या कुटुंबाच्या संगणकावर तोच क्रमांक कोणत्या रूपात उमटावा, हे पाठात लिहिलेले नसते. ते ठरते संगणकावर बसवलेल्या फॉन्टवरून आणि पाठाला जोडलेल्या भाषेच्या खुणेवरून.

फॉन्ट संगणकावर येतो तो पॅकेजच्या रूपाने. पॅकेज बदलले, फुटले किंवा दुसऱ्यात विलीन झाले, तर वाचकाने काहीही न करता त्याच्या पाठाचे दृश्य रूप बदलू शकते. म्हणून पॅकेजची विभागणी कशी करावी आणि विभागणीनंतर जुन्या वापरकर्त्याची श्रेणीवाढ कशी सांभाळावी, हा वरकरणी तंत्रज्ञांचा वाटणारा प्रश्न पाठाच्या अभ्यासकालाही परका नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप, त्यावरील दोन तांत्रिक परंपरांची उत्तरे आणि देवनागरी फॉन्टांच्या बाबतीत त्यांचा अर्थ यांचा विचार केला आहे.

२. पॅकेज, वितरण आणि विभागणी

लिनक्स वितरण म्हणजे हजारो स्वतंत्र प्रकल्पांत तयार झालेल्या सॉफ्टवेअरचा एकत्र जुळवलेला संग्रह. डेबियन हे वितरण १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केले; फेडोरा, उबुंटू ही अशीच अन्य वितरणे. त्यांचा घटक म्हणजे पॅकेज. पॅकेजात फाइली असतात आणि त्याबरोबर एक नोंदपत्र असते. पॅकेजचे नाव, आवृत्ती, ते कशावर अवलंबून आहे, कशाशी त्याचे जमत नाही, हे सारे त्या नोंदपत्रात लिहिलेले असते. पॅकेजची निगा राखणाऱ्यास परिरक्षक म्हणतात.

परिरक्षक पॅकेजची विभागणी अनेक कारणांनी करतो. मूळ कार्यक्रम लहान व त्याची सामग्री अवजड असेल तर दोन्ही वेगळे केल्याने जागा वाचते. पॅकेजातील एखादा भाग दुसऱ्यांनाही उपयोगी असेल तर तो स्वतंत्र केल्याने इतरांना तेवढाच घेता येतो. कधी दोन भागांचे परवाने वेगळे असतात, कधी त्यांच्या प्रकाशनाची गती वेगळी असते. नव्याने संगणक सजवणाऱ्याला अशा विभागणीचा त्रास होत नाही. त्याला हवे ते भाग तो निवडतो. अडचण येते ती ज्याच्याकडे जुने, अखंड पॅकेज आधीपासून आहे त्याची. त्याने विभागणी मागितलेली नसते. श्रेणीवाढ करून उठल्यावर कालपर्यंत चालणारे काम आजही चालावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. विभागणीचे खरे काम फाइली वाटण्यात नसून ही अपेक्षा पाळण्यात आहे.

३. एका फाइलीचे दोन मालक

विवेचनासाठी ‘कोश’ नावाचे एक काल्पनिक पॅकेज घेऊ. त्याच्या २.०-१ या आवृत्तीत शोधाचा कार्यक्रम आणि शब्दसामग्री दोन्ही आहेत. २.०-२ मध्ये परिरक्षकाने सामग्री ‘कोश-सामग्री’ या नव्या पॅकेजात हलवली. ज्याच्याकडे २.०-१ आहे त्याच्या संगणकावर नवे ‘कोश-सामग्री’ उलगडू लागते, तेव्हा त्यातील फाइली आधीच ‘कोश’च्या नावावर नोंदलेल्या असतात. डेबियनमधील डीपीकेजी हे साधन एका फाइलीला दोन मालक मान्य करत नाही. दुसऱ्या पॅकेजची फाइल पुसून लिहिण्याचा प्रयत्न होत आहे, असे सांगून ते थांबते आणि श्रेणीवाढ अर्ध्यावर अडकते.

यावर नोंदपत्रात दोन विधाने लिहिण्याची पद्धत आहे. पहिले ‘रिप्लेसेस’. अमुक पॅकेजच्या फाइली ताब्यात घेण्याचा अधिकार त्याने मिळतो. दुसरे ‘ब्रेक्स’. आपण आल्यावर अमुक पॅकेज त्याच्या सध्याच्या रूपात काम करू शकणार नाही, अशी ती घोषणा असते. ‘कोश-सामग्री’च्या नोंदपत्रात ही दोन्ही विधाने ‘कोश’च्या जुन्या आवृत्त्यांना उद्देशून लिहिली जातात.

दोन्हींची गरज का, हे अनुभवी परिरक्षकालाही कधी कधी चटकन उमगत नाही. केवळ ‘रिप्लेसेस’ लिहिले, तर जुन्या ‘कोश’वर नवे ‘कोश-सामग्री’ विनातक्रार बसते आणि फाइलींची मालकी बदलते. पुढे वापरकर्त्याने ‘कोश-सामग्री’ काढून टाकले, तर त्या फाइली त्याबरोबर जातात. जुना ‘कोश’ मात्र नोंदवहीत पूर्ण व सुस्थितीत असल्याचे दिसत राहतो, प्रत्यक्षात तो पोकळ झालेला असतो. ‘ब्रेक्स’मुळे जुना ‘कोश’ नव्या सामग्रीशेजारी कार्यरत अवस्थेत राहूच शकत नाही. त्याला आधी नव्या आवृत्तीवर यावे लागते. एका विधानाने हक्क मिळतो, दुसऱ्याने त्या हक्काचा परिणाम मान्य केला जातो.

‘कॉन्फ्लिक्ट्स’ हे तिसरे, अधिक कठोर विधानही उपलब्ध आहे. त्याचा अर्थ असा की जुने पॅकेज हटल्याशिवाय नवे उलगडताच येणार नाही. विभागणीसाठी ते सहसा टाळले जाते. त्यामुळे क्रम लावणाऱ्या साधनाची कोंडी होते आणि मोठ्या श्रेणीवाढीत एखादे आवश्यक पॅकेज मध्येच काढले जाण्याचा धोका संभवतो. ‘ब्रेक्स’मध्ये जुने पॅकेज काही क्षण निष्क्रिय ठेवून नवी जोडी एकत्र उभी करता येते.

४. आवृत्तीची सीमा

या विधानांत सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे आवृत्तीची सीमा. ‘कोशाला मोडतो’ असे नुसते लिहिले तर नवा ‘कोश’ही त्यात सापडतो आणि एकत्र नांदण्यासाठी निर्माण झालेली दोन पॅकेजे परस्परांचे वैरी ठरतात. म्हणून ‘२.०-२ पेक्षा जुन्या कोशाला’ असे लिहावे लागते. सीमा अलीकडे ओढली, म्हणजे ‘२.०-१ पेक्षा जुन्या’ असे लिहिले, तर नेमका २.०-१ चा वापरकर्ता उघड्यावर पडतो.

नाव तेच राहून त्याचा आशय बदलतो तेव्हा काळाची सीमा किती आवश्यक ठरते, याचे उदाहरण जबलपूरच्याच इतिहासात आहे. १९५० मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताला ‘मध्य प्रदेश’ हे नाव मिळाले. त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरसह विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. ‘मध्य प्रदेश’ हे नाव मात्र भोपाळ राजधानी असलेल्या नव्या राज्याकडे राहिले. जुन्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय १९३६ पासून नागपूरला होते. कायद्याने ते नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय मानले गेले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपूरला आले. नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. पुनर्रचनेच्या कायद्यात प्रलंबित खटल्यांच्या हस्तांतरणाची तरतूद होती, तसेच जुने कायदे त्यांच्या जुन्या प्रदेशात बदल होईपर्यंत लागू राहतील, असेही म्हटले होते. ‘मध्य प्रदेश’ हा शब्द एखाद्या कागदात आढळला तर तारीख पाहिल्याशिवाय त्यात नागपूर येते की नाही, हे सांगता येत नाही. ‘कोश’ या नावाचेही तसेच आहे. २.०-२ च्या आधी त्यात सामग्री अंतर्भूत होती, नंतर नाही.

साहित्याच्या अभ्यासकास हे वळण परिचित आहे. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या ‘लीळाचरित्रा’च्या आवृत्त्यांत लीळांची संख्या व क्रम सारखे नाहीत, त्यामुळे संपादकाचे नाव न देता केवळ लीळेचा क्रमांक दिला तर संदर्भ अपुरा राहतो. पॅकेजच्या नोंदपत्रातील सीमा ही त्याच शिस्तीची यांत्रिक आवृत्ती म्हणता येईल.

सीमेच्या लेखनात आणखी एक बारकावा आहे. डेबियनमध्ये नवी आवृत्ती जुन्या स्थिर वितरणासाठी पुन्हा बांधली जाते, तेव्हा आवृत्तिक्रमांकाच्या शेवटी तरंगासारखे ‘~’ हे चिन्ह आणि पुढे काही अक्षरे जोडतात. क्रम लावताना हे चिन्ह असलेली आवृत्ती चिन्ह नसलेल्या आवृत्तीपेक्षा लहान धरली जाते. त्यामुळे २.०-२ वरून तयार केलेली अशी प्रत आधीच विभागलेली असूनही ‘२.०-२ पेक्षा जुनी’ ठरते आणि आपल्याच जोडीदाराकडून मोडली जाते. हे टाळण्यासाठी जाणकार परिरक्षक सीमा ‘२.०-२~’ अशी लिहितात.

५. दुसरी परंपरा : आरपीएम

फेडोरा आणि रेड हॅटच्या कुळातील वितरणे आरपीएम ही पद्धत वापरतात. तेथे संपूर्ण व्यवहार एकत्र तपासला जातो. व्यवहाराच्या शेवटी कोणत्या फाइली कोणाच्या असतील, हे आधी ठरते. त्यामुळे एकाच व्यवहारात फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात गेली तर तंटा होत नाही. डेबियनला भेडसावणारा मालकीचा प्रश्न येथे बराचसा सुटलेला असतो.

त्याची जागा दुसरा प्रश्न घेतो. जुने नाव पुढे चालू राहिले आणि नव्या ‘कोश’ने ‘कोश-सामग्री’ची आवश्यकता नोंदवली नाही, तर वापरकर्त्याला नवा ‘कोश’ मिळतो, पण सामग्री निमूटपणे नाहीशी होते. त्रुटीचा संदेशही येत नाही. यासाठी ‘ऑब्सोलीट्स’ हे विधान वापरतात. त्याचा अर्थ, हे पॅकेज अमुक जुन्या पॅकेजची जागा घेते. विभागणीनंतर निर्माण झालेल्या सर्व भागांनी जुन्या अखंड आवृत्तीबाबत हे विधान केले, तर श्रेणीवाढीत ते सारे भाग एकत्र ओढून आणले जातात. जुन्या नावावर अवलंबून असलेल्यांसाठी ‘प्रोव्हाइड्स’ हे विधान जोडतात. त्याने जुने नाव नव्या पॅकेजच्या अंगावर उपनावासारखे टिकते. येथेही आवृत्तीची सीमा अनिवार्य असते. ती नसेल तर पुढे कधी त्या नावाचे पॅकेज परत आणायचे झाल्यास वाट बंद होते.

दोन परंपरांतील भेद असा मांडता येईल. डेबियनच्या पद्धतीतील चूक बहुधा मोठ्याने बोलते, काम अडते आणि तक्रार येते. आरपीएममधील चूक पुष्कळदा मूक राहते, काम पुरे होते पण काहीतरी हरवलेले असते. वापरकर्त्याच्या दृष्टीने दुसरी अधिक घातक, कारण ती कळायलाच वेळ लागतो.

६. संक्रमण-पॅकेज आणि वापरकर्त्याची खूण

कधी जुने नावच संपवायचे असते. अशा वेळी डेबियनमध्ये जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेज काही काळ ठेवतात. त्यात उपयोगाची फाइल नसते. नव्या भागांवर अवलंबून असणे एवढेच त्याचे कार्य. त्याला संक्रमण-पॅकेज म्हणतात. डेबियन एका स्थिर प्रकाशनातून लगतच्या पुढच्या प्रकाशनात होणाऱ्या श्रेणीवाढीची हमी देते, मधले प्रकाशन वगळून घेतलेल्या उडीची देत नाही. म्हणून संक्रमण-पॅकेज निदान एका स्थिर प्रकाशनात असणे आवश्यक ठरते. ती मुदत संपली की ते काढता येते.

काढताना एक अडचण उद्भवते. एपीटी हे साधन प्रत्येक पॅकेजबाबत ते वापरकर्त्याने स्वतः मागितले की दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आले, अशी खूण ठेवते. वापरकर्त्याने मागितलेले होते जुने नाव. नवे भाग त्याच्या आधाराने आलेले. संक्रमण-पॅकेज गेले की नवे भाग निराधार समजून स्वच्छतेच्या आज्ञेने पुसले जाऊ शकतात. यासाठी संक्रमण-पॅकेज ‘ओल्डलिब्स’ या विभागात ठेवण्याचा संकेत आहे. त्या विभागातील पॅकेजची ‘स्वतः मागितले’ ही खूण एपीटी त्याच्या वारसांकडे सोपवते. वापरकर्त्याची इच्छा एका नावावर नोंदलेली होती, ती दुसऱ्या नावावर नेण्याची ही व्यवस्था आहे.

श्रेणीवाढीची आज्ञाही लक्षात घ्यावी लागते. ‘एपीटी-गेट अपग्रेड’ ही सावध आज्ञा नवे पॅकेज बसवत नाही. विभागणीनंतर ‘कोश’ला नव्या ‘कोश-सामग्री’ची आवश्यकता असल्याने ती आज्ञा ‘कोश’ला जुन्याच आवृत्तीवर रोखून ठेवते. तसेच वापरकर्त्याने स्वतः बदललेल्या मांडणीच्या फाइली विशेष जपाव्या लागतात. त्यांचे नाव किंवा स्थान बदलायचे झाल्यास ते काम परिरक्षकाने लिहिलेल्या जोड-आज्ञांनी करावे लागते; एरवी वापरकर्त्याने केलेले बदल जुन्या जागी पडून राहतात आणि नव्या जागी कोरी प्रत येते. अशा चुका आधीच पकडण्यासाठी डेबियनमध्ये ‘पियुपार्ट्स’ हे चाचणी-साधन आहे. ते पॅकेज बसवणे, त्याची श्रेणीवाढ करणे आणि काढणे हे चक्र कोऱ्या वातावरणात करून पाहते.

७. देवनागरी फॉन्टांचे उदाहरण

भारतीय लिप्यांच्या फॉन्टांनी या साऱ्या अवस्था पाहिल्या आहेत. ‘लोहित’ ही फॉन्टमालिका याचे उत्तम उदाहरण आहे. तिचे मूळ फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने पुरवले आणि रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून फॉन्टांसाठीच्या मुक्त परवान्याखाली ते आले.

फेडोरामध्ये एके काळी हिंदी, मराठी, कोकणी, मैथिली, काश्मिरी, सिंधी, नेपाळी यांसाठी लोहितची भाषावार पॅकेजे होती. पुढे यांतील बहुतेकांची जागा ‘लोहित-देवनागरी’ने घेतली, मराठी व नेपाळी यांसाठी मात्र वेगळी पॅकेजे आढळतात. डेबियनमध्येही ‘फॉन्ट्स-लोहित-देव’ याच्या जोडीला ‘फॉन्ट्स-लोहित-देव-मराठी’ हे स्वतंत्र पॅकेज आहे. त्याआधी, २०११ च्या प्रकाशनात, देवनागरीसाठी ‘टीटीएफ-देवनागरी-फॉन्ट्स’ हे एकत्रित पॅकेज होते. नंतर फॉन्टांच्या पॅकेजांची नावे ‘टीटीएफ’ऐवजी ‘फॉन्ट्स’ या शब्दाने सुरू करण्याचे धोरण आले. गार्गी, नकुल, सहदेव यांना आपापली पॅकेजे मिळाली आणि त्यांना एकत्र आणणारे ‘फॉन्ट्स-देव’ हे छत्र-पॅकेज झाले. विभागणी, विलीनीकरण आणि नामांतर ही तिन्ही स्थित्यंतरे एकाच लिपीच्या वाट्याला आली.

लिपी एक आणि भाषा अनेक, या परिस्थितीतून ही अस्थिरता निर्माण होते. लिपीनुसार पॅकेज करावे तर भाषेचे वळण हरवते. भाषेनुसार करावे तर जवळजवळ सारख्या फाइलींच्या अनेक प्रती होतात. ओपनटाइप या फॉन्टरचनेत यावर एक मधला मार्ग आहे. एकाच फॉन्टमध्ये अक्षराची पर्यायी रूपे ठेवायची आणि पाठाला जोडलेल्या भाषेच्या खुणेनुसार त्यांतील योग्य ते निवडायचे. परंतु पाठाला ‘मराठी’ ही खूण लावलेली नसेल, किंवा वापरातील कार्यक्रम ती खूण फॉन्टपर्यंत पोहोचवत नसेल, तर मूळ रूपच उमटते. ज्या संगणकाची भाषा हिंदी ठेवलेली आहे, त्यावर खूण नसलेल्या मराठी पाठाची अशी गत होण्याची शक्यता अधिक असते. स्वतंत्र मराठी फॉन्टचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. आणि तो फॉन्ट श्रेणीवाढीनंतर वापरकर्त्याकडे टिकतो की नाही, हे पूर्वोक्त विधानांवरच अवलंबून असते. छत्र-पॅकेजने नवा भाग आपल्या यादीत घेतला नाही, किंवा जुन्या नावाची जागा घेणाऱ्या पॅकेजने मराठी भागाला मागे सोडले, तर संगणक कोणतीही तक्रार न करता दुसरा देवनागरी फॉन्ट निवडेल. पाठ वाचता येईलच. फक्त तो दुसऱ्या भाषेच्या हस्ताक्षरात वाचावा लागेल.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या बाबतीत ही हानी सौंदर्यदृष्टीची म्हणता येईल. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांच्या बाबतीत ती अर्थाची होते. पहिला शब्द समुद्र सांगतो, दुसरा डोंगरांमधील खोल भाग. मराठीतील अर्ध्या ‘र’चे हे विशिष्ट रूप युनिकोडमध्ये ‘ऱ’ या वर्णाच्या साहाय्याने लिहिता येते. मात्र ते नीट उमटवणारा फॉन्ट असावा लागतो. स्वतंत्र ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ मधील ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वीच्या फॉन्टांत त्याची जागाच नव्हती. अशा अक्षरांसाठी फॉन्टची नवी आवृत्ती मिळणे आणि जुनी सुविधा न हरवणे या दोन्ही गोष्टी एकाच श्रेणीवाढीत साधाव्या लागतात.

८. समारोप

विभागणी म्हणजे आतापर्यंत एका नावाने दिलेले वचन यापुढे अनेक नावांनी पाळणे. नवे भाग किती सुबक आहेत यावरून तिचे मूल्यमापन होत नाही. जुने अखंड पॅकेज असलेल्या माणसाला त्याच्याकडे होते ते सारे परत मिळाले का, यावरून होते. त्यासाठी नव्या पॅकेजने आपला पूर्वेतिहास स्वतःबरोबर बाळगावा लागतो. या फाइली पूर्वी कोणाच्या होत्या, कोणत्या आवृत्तीपर्यंत होत्या, त्या नावाने त्या कोणी मागितल्या होत्या, याची नोंद यंत्राला वाचता येईल अशा शब्दांत ठेवावी लागते. ही नोंद कायमची नसते. संक्रमण पुरे झाल्यावर परिरक्षक ती काढून टाकतो.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकासाठी यातून एक व्यावहारिक सूचना निघते. दोन भाषांतील देवनागरी पाठ संगणकावर शेजारी ठेवून पाहताना जे भेद दिसतात, त्यांतील काही भाषेचे, काही लेखनरूढीचे आणि काही केवळ त्या संगणकावरील पॅकेजांच्या अवस्थेचे असतात. पाठाला भाषेची खूण लावलेली आहे का, कोणता फॉन्ट कोणत्या आवृत्तीत वापरला आहे, याची नोंद पाठाबरोबर ठेवली तर हे भेद वेगळे करता येतात. छापील ग्रंथाच्या संदर्भात संपादक व आवृत्ती नोंदवण्याची शिस्त जशी आवश्यक मानली जाते, तशीच ही शिस्तही मानावी लागेल.